छकुलीची वेणी

खोटं कशाला बोला, छकुलीला कॅन्सर निघाला तेव्हा दैवशाला रडली. पदर ओला होईस्तोवर रडली. पण औषधानं छकुलीचे सगळे केस जाणार हे कळलं, तेव्हा तिच्या काळजाला कुठंतरी थंडक पडली, हेही तितकंच खरं. मागून त्याची तिला लाज वाटली. वाटली, पण जराशीच.

दोघी सख्ख्या जावा, हसनाबादेत एकाच अंगणात नांदणाऱ्या. थोरली दैवशाला. शेतात राबायची, घरी आली की मशीनवर बसून अर्ध्या गावाची पोलकी शिवायची. धाकटी ही छकुली. आता नाव तरी बघा! चाळिशी गाठली, पोरगी लग्नाला आली, तरी हिची आपली छकुलीच. आणि केस? गुडघ्याला टेकायचे. सासू, वच्छलाबाई, तिला उन्हात बसवून स्वतःच्या हातानं तेल घालायची. "आमच्या धाकल्यानं, सुग्रीवनं, नशीबच काढलं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दैवशालाच्या वेणीला मात्र उंदराची शेपटी म्हणायची. हसत म्हणायची हो, पण हसत टोचली तरी सुई ती सुईच. लग्न होऊन आल्यापासून म्हातारीचा हात थोरलीच्या डोक्यावरून एकदासुद्धा फिरला नव्हता. बाळंतपणातसुद्धा नाही.

संभाजीनगरच्या दवाखान्यात औषध सुरू व्हायच्या आधीच छकुलीनं वेणी कापून घेतली. दोन्हीकडून दोरा बांधून पिशवीत घातली आणि ती पिशवी जावेच्या मांडीवर ठेवली.

"आक्का, तुमच्या हातात कला हाय. मला ह्याचं टोपडं करून द्या, पुढून केस लावलेलं. मोबाइलवर बघितलं मी. वरून पदर घेतला की कुणाला कळायचं न्हाई. राजनंदिनीला बघायला पावणे येणारेत, त्यांच्यापुढं बोडकं डोकं घेऊन कशी बसू?"

"देते की! त्यात काय एवढं?" दैवशाला म्हणाली.

आणि तिनं काम केलं ते चोख केलं. जळणं वेगळं, शिवण वेगळी. वाकडी टीप तिला खपायचीच नाही. सासूचं जुनं लुगडं घेतलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. तान्ह्या बाळाला टोचू नये म्हणून टोपड्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवतात, तशीच इथं ठेवली. मग कपाळाच्या कडेला एकेक बट धरून हातसुईनं पक्की केली. पाठ मोडून आली, डोळ्यांतून पाणी आलं, पण मधला भांग असा सरळ उतरला की बघत राहावं.

फक्त एक केलं. केस खांद्याइतकेच ठेवले. "आजारी बाईला एवढा भार कशाला?" असं स्वतःला बजावलं आणि कात्री चालवली. उरलेल्या केसांना काळा दोरा गुंडाळून त्याचं गंगावन केलं, आपल्या वेणीत मिसळायला. नवरा, रायभान, शेतात गेला तशी दाराला कडी घातली, ते वेणीत गुंफलं आणि पाठीमागं हात नेला. वेणी कमरेच्या खाली! अगं बया! तिथल्या तिथं ती दोनदा गर्रकन फिरली. म्हणा म्हणावं आता उंदराची शेपटी!

छकुली पुढच्या खेपेचं औषध घेऊन घरी आली, ती बाजेला खिळली. दैवशालानं टोपडं तिच्या डोक्यावर बसवलं, कडा सारखी केली, आरसा धरला. छकुलीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"आक्का, मीच दिसून राह्यले की हो!"

दैवशालाला बरं वाटलं, आणि लगेच पोटात दुखलंही. भुवया गेल्या, गाल बसले, तरी मेली देखणीच! हिला रूप दिलं तरी किती देवानं!

छकुलीनं केसांवरून हात खाली नेला. तो खांद्यापाशीच थांबला. "बाकीचे कुठं गेले?"

"उंदरानं कुरतडले." तोंडातून उंदीरच निघाला, बघा.

"जाऊ द्या. मी म्हणणारच होते, उरले तर तुम्ही घ्या. तुमचे लईच पातळ झालेत."

झालं! दैवशालाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं चोरी केली होती, अन् ही बाई चोरीचंसुद्धा दान करून मोकळी झाली! ती ताडताड आपल्या खोलीत गेली, गंगावन आणलं आणि छकुलीच्या पांघरुणावर आपटलं.

"घे! तुझं तुला लखलाभ. उंदीर मीच."

छकुलीचा चेहरा उतरला. "मागितले असते तर दिले नसते का मी?"

"तेच नको होतं मला. तुझं दिलेलं!"

छकुलीनं गंगावन उचललं, कुरवाळलं. मग म्हणाली, "बसा इकडं. पाठ करा."

"कशाला?"

"बसा म्हणते ना!"

दैवशाला बाजेच्या कडेला भिंतीकडं तोंड करून बसली. औषधानं छकुलीची बोटं बधिर झालेली, जावेच्या केसांत गंगावन गुंफताना पेड हातातून सुटायचे, ती पुन्हा धरायची. वेणी कशीबशी शेवटाला गेली तशी तिला धाप लागली. ती आडवी झाली आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

तेवढ्यात वच्छलाबाई ज्वारीची पेज घेऊन आत आली. बाहेर रखरखीत ऊन, आत अंधार. म्हातारीला बाजेवर दिसली ती पाठ, आणि पाठीवर कमरेखाली गेलेली वेणी. काय नवल झालं, केस कधी आले, कसे आले, असलं काही तिच्या मनात आलं नाही. पेज तिनं कोनाड्यात ठेवली.

"अगं माझ्या बाय! उठून बसलीस! पावली गं माय, देवी पावली!"

आणि तिचा हात दैवशालाच्या डोक्यावर आला. टाळूपासून निघाला, मानेवरून वेणीच्या शेवटापर्यंत गेला, पुन्हा वर आला. खरबरीत हात, पण किती हळू! 'मी हाय, थोरली,' हे दैवशालाच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. पांघरुणाखाली छकुली हलली, तसं दैवशालानं तिचं मनगट घट्ट दाबून धरलं.

"बरं वाटून राह्यलं का गं छकुले?"

"हं," दैवशाला बारीक आवाजात म्हणाली, आणि हात अजून एकदा फिरावा म्हणून तिनं मान जराशी मागं केली.