पालथा निवट्या

मी एक जुना चक्रमुद्रक आहे, आणि सलग सहा वर्षं ठाण्याच्या खाडीचं रक्षण माझ्यामुळे झालं. म्हणजे रक्षण निवट्या करायचा. मी त्याच्या प्रती काढायचो. हँडल फिरवायचं काम दामाजीचं. पण मित्रांनो, आत्मवृत्त माझं आहे.

लोक मला सायक्लोस्टाईल म्हणत. उमेदीची वर्षं ठाकुर्लीच्या एका शाळेत प्रश्नपत्रिका छापण्यात गेली. मुलांनी माझ्यावर कधी प्रेम केलं नाही, आणि त्याचा दोष त्यांना देता येत नाही. १९८६ साली मला मोडीत काढलं, तेव्हा दामाजीने टेम्पोत घालून कळव्याला आणलं आणि चाळीच्या समाजमंदिरात, मागच्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं. टेबल तेव्हा हलत होतं.

दामाजी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि एप्रिलात जयंतीची कमान. त्याला चाळीतल्या मुलांसाठी चित्रकथा काढायची होती. विकतच्या चित्रकथांतले वीर उंच इमारतींवरून झेपा घेत. कळव्यात तेव्हा तेवढी इमारतच नव्हती. गाळ मात्र मुबलक होता. म्हणून त्याच्या वीराचं नाव निवट्या. निवटा हा खाडीच्या गाळात उड्या मारणारा छोटा मासा आहे, हे कळव्यात कुणाला सांगावं लागत नाही.

गोष्ट सगुणाबाईची. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. मासळी विकून झाली की रिकामी टोपली दाराशी ठेवून सांगायला बसायची. तिचा बाप भिवाजी गाळात रुतलेल्या माणसांना बाहेर काढायचा. स्वतः पोटावर पालथा पडायचा, सरपटत जायचा, आणि रुतलेल्या माणसाने त्याच्या पाठीवरून चालत काठाला यायचं. अशी अकरा माणसं त्याने काढली. भिवाजी गेला, पण त्याचा फोटो कधी कुणी काढलेलाच नव्हता. तेव्हा निवट्या म्हणजे भिवाजीच. चड्डी तेवढी जरा घट्ट.

पहिला अंक निघाला. सगुणाबाईने तो हातभर लांब धरला.

"यो कोन रं?"

"तुझा बापूस, बाय."

"माजा बापूस? यो तं खाडीच्या पान्यान बुरून आठ दिस जाल्यावानी पांढरा दिसतं."

"अगं, मेणकागदावर लोखंडी लेखणीने ओरखडा काढतो ना, तेवढ्यातूनच शाई उतरते. अख्खं अंग काळं भरलं तर सगळं मेण निघतं, कागद फाटतो. मशीनचा प्रॉब्लेम आहे."

हा आरोप मी आजही विसरलेलो नाही.

सगुणाबाई टोपली उचलून गेली. दुसऱ्या दिवशी फाटक्या जाळ्याचा एक तुकडा आणून तिने माझ्यापुढे टाकला. "असा मार. मदी भोकां ठेव, मंग नाय फाटनार."

दामाजीने ते जाळं समोर ठेवलं आणि निवट्याचं सगळं अंग जाळ्यासारख्या बारीक चौकड्यांनी विणून काढलं. एका पानाला चार दिवस लागले. कागद फाटला नाही. निवट्या काळाभोर, चिखलात पालथा, पाठीवरून एक शाळकरी मुलगी चालत येते आहे. सगुणाबाईने चित्राच्या पाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा. आता उठंल." पुढची सहा वर्षं पोरं दप्तरात निवट्या लपवून शाळेत नेत होती. माझ्या प्रश्नपत्रिका कुणी लपवून नेलेल्या मला आठवत नाहीत.

१९९२ साली डोंबिवलीच्या एका मंडळाचे कार्यवाह आले. मंडळाचा रौप्यमहोत्सव होता. त्यांना 'स्थानिक प्रतिभा' हवी होती. त्यांनी अंक चाळले, रुमालाने बोटं पुसली.

"कल्पना सुंदर आहे, दामाजीराव. फक्त नायक जरा उजळ घेऊ. मुलांना आवडतं."

"कुठल्या मुलांना?"

"मुलांना. सर्वसाधारण."

"साहेब, अंगाचा रंग तोच ठेवा. बाकी काय ते बदला."

"अहो, रंग तर आता येणार. ऑफसेटवर. आजवर होताच कुठे?"

आणि ते जुने अंक, मेणकागद, सगळं 'जपून ठेवायला' घेऊन गेले.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला संताप शोभत नाही. पण मंडळाने काढलेलं पुस्तक मी पाहिलं आहे. गुळगुळीत कागद. निवट्याचं नाव 'सागरेंद्र'. अंग भाजलेल्या कोळंबीसारखं गुलाबी. गाळ कुठेच नाही, कारण मुखपृष्ठावर गाळ बरा दिसत नाही. पालथं पडणंही नाही, सागरेंद्र उडतो. खाडीच्या जागी निळा समुद्र आणि नारळाची झाडं. शेवटच्या पानावर लिहिलेलं: संकल्पना, मंडळ, सहकार्य, कोळी बांधव व इतर. सगुणाबाई बांधव झाली आणि दामाजी इतर.

सगुणाबाईने पुस्तक मिटलं. "यो माजा बापूस नाय."

दामाजी डोंबिवलीला जुने अंक मागायला गेला. ते सापडत नव्हते. दुसऱ्या खेपेला कळलं, आवराआवरीत रद्दीत गेले. चाळीतल्या पोरांचे अंक तर वाचून वाचून कधीच फाटले होते. सांगताना कार्यवाहांनी त्याला चहा पाजला, हे मी नोंदवून ठेवतो.

मग दामाजीने तेच पान आठवणीने पुन्हा विणलं. सगुणाबाई शेजारी जाळं धरून बसली. माझ्या रबरी रुळाला तेव्हा भेगा पडल्या होत्या. सहा वर्षांत त्याला कुणी पुसलं नव्हतं. तरी मी जीव एकवटला. पहिली प्रत स्वच्छ उतरली. दुसरीला मेणकागद उभा फाटला.

"घरी ने," दामाजी म्हणाला.

"नको. घरा उधानाचा पानी येतं. हतंच लाव."

भिवाजी माझ्यावरच्या भिंतीवर लागला. सगुणाबाई आठवड्यातून एकदा यायची, बघायची, जायची. दामाजीचे हात पुढे थरथरू लागले; तो टिटवाळ्याला मुलाकडे गेला.

१९९८ साली समाजमंदिराला रंग दिला. त्यानंतर सगुणाबाई आली तेव्हा भिंत पांढरी होती. तिने नव्या कमिटीच्या जगनला विचारलं. तो म्हणाला, "रंगकाम चाललेलं ना मावशी, गेला असेल कुठेतरी." ती भिंतीवरून हात फिरवून गेली.

मित्रांनो, जुन्या यंत्राला महिन्यातून एकदा तेल द्यावं, रूळ पुसून ठेवावा. आणि कुणी काही शोधत असेल तर जरा खाली वाकून बघावं, कारण वाकता मला येत नाही. तो कागद गेलेला नाही. रंगाऱ्याने त्याच्या चार घड्या करून माझ्या टेबलाच्या आखूड पायाखाली घातला आहे, पालथा.

टेबल आता हलत नाही.