बहात्तर चमचे

बुधवारी सकाळी साडेपाचला मोठ्या बाई वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. काट्यानं सत्त्याहत्तर किलो दाखवले. त्या उतरल्या, केसांतला चिमटा काढून बेसिनवर ठेवला आणि पुन्हा चढल्या. सत्त्याहत्तर. दाराजवळची फरशी जरा उतरती आहे असा त्यांना महिनाभर संशय होता, म्हणून काटा उचलून त्यांनी खिडकीखाली नेला. तिथं शंभर ग्रॅम जास्तच भरले.

"त्या बिचाऱ्याला जरा विश्रांती दे ग," अंथरुणातून नवरा म्हणाला. "चार वेळा टकटक ऐकली मी."

"तीन वेळा," बाई म्हणाल्या. "झोपा तुम्ही."

त्यानं कूस बदलली. त्याचं वजन लग्नात होतं तेवढंच आजही होतं आणि त्यासाठी त्यानं आयुष्यात काडी इकडची तिकडे केली नव्हती. या एका गोष्टीसाठी बाईंनी त्याला अजून माफ केलेलं नव्हतं.

'मोठ्या बाई' हे नाव पंपांच्या कारखान्यातल्या कँटीननं ठेवलं होतं. ठेवलं तेव्हा ते अंगावरून होतं आणि ते कुणी लपवायच्या भानगडीतही पडलं नव्हतं. मग नऊ वर्षांपूर्वी बाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग कापून काढला, केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवली, आणि एकशे एकवीस किलोंच्या बाई दीड वर्षात सहासष्टवर आल्या. आता नवीन नाव शोधावं लागणार, अशी चर्चा पुढं काही वर्षं नुसतीच चालली, तेवढ्यात हेड कुक निवृत्त झाला, त्याची जागा बाईंना मिळाली आणि नाव आहे तेच राहिलं. याला चौदा महिने झाले होते. त्या चौदा महिन्यांत अकरा किलो परत आले होते.

लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की सुटलो. लग्न लागलं की संसार आपोआप होतो असं मानणारी जी माणसं असतात, त्यांतलीच ही. पहिली दोन वर्षं सोपी असतात, हे बाईंना विचारा. तेव्हा भूकच नसते. चार घास खाल्ले की पोट हात जोडतं. पुढं भूक हळूच घरी परतते, आणि एकदा आली की ती हलत नाही. तिच्याशी रोज उठून भांडायचं, आणि जिंकलात तरी टाळ्या वाजवायला कुणी येत नाही, कारण सगळ्यांच्या लेखी तुम्ही केव्हाच जिंकलेले असता.

बाई भांडत होत्या. दर तीन महिन्यांनी त्या आहारतज्ज्ञ बाईंकडे वही घेऊन जात. वहीत सकाळचं अंडं होतं, दुपारचं छोटं ताट होतं, रात्रीचं त्याहून छोटं. यातला एक शब्दही खोटा नव्हता. आहारतज्ज्ञ बाई वही उलटसुलट करून पाहत आणि म्हणत, "एवढ्यावर वजन वाढायला नको खरं तर." मग जठर सैल पडलं असेल म्हणून तपासणी झाली. जठर शहाण्यासारखं जागच्या जागी होतं. बाईंना तेव्हा रडूच फुटलं. सैल पडलं असतं तर निदान कुणाकडे तरी बोट दाखवता आलं असतं.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. धाकट्या बहिणीला तर नाहीच. कारण येत्या शुक्रवारी धाकटीचं तेच ऑपरेशन होतं.

धाकटी शाळेच्या ऑफिसात कारकून होती. चव्वेचाळीस वर्षं वय, एकशे चौदा किलो वजन, साखर वाढलेली, आणि गुडघे असे की जिना आला की ती फोन काढून कुणाशी तरी बोलल्याचं नाटक करी. गेली नऊ वर्षं ती घाबरत होती आणि बाई तिला सांगत होत्या, "एकदा झालं की झालं. माझ्याकडे बघ." ती बघत होती. बघून बघूनच शेवटी तयार झाली होती. गेले दोन आठवडे ती रोज संध्याकाळी फोन करून विचारत होती, "परत नाही ना वाढत ग ताई?" आणि बाई रोज म्हणत होत्या, "छे." फोन ठेवला की त्यांना एका जागी बसवत नसे. त्या घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत, धुतलेली भांडी पुन्हा धुवत. सांगितलं आणि ती बिथरली, तारीख रद्द केली, तर तिचे गुडघे आणि तिची साखर आपल्या डोक्यावर बसणार. नाही सांगितलं तर तीही एक दिवस अशीच काटा उचलून खिडकीखाली नेणार, आणि तेव्हा तिला वाटणार की आख्ख्या जगात ती एकटीच नापास झाली.

कँटीनमध्ये सोमवारपासून नवा नियम आला होता. पूर्वी बाई डावातलं थोडं तळहातावर घेत आणि चाखत. स्वच्छता तपासणाऱ्या बाईंना ते दिसलं आणि त्यांनी नाक मुरडलं. आता प्रत्येक वेळी चव घ्यायला नवा चमचा घ्यायचा, आणि तोंडाला लागलेला चमचा ओट्याच्या टोकाच्या बादलीत टाकायचा, परत पातेल्यात जाता कामा नये. बाईंनी दोन दिवस तो नियम शब्दशः पाळला. साडेचारशे माणसांचं जेवण होतं, सात मोठी पातेली होती, आणि बाईंच्या जिभेवर कँटीनची अब्रू होती. मीठ एक चिमूट कमी पडलं तरी त्यांना कळे. हेड कुकची जागा त्यांना त्या जिभेनंच मिळवून दिली होती.

बुधवारी अकराच्या सुमाराला भांडीवाल्या मावशी ती बादली घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. मावशींना कुणाचीच भीडभाड नव्हती. वीस वर्षं त्या इथं भांडी घासत होत्या आणि कोणता साहेब ताटात काय टाकतो हे त्यांना साहेबांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"मोठ्या बाई, चमचे पुरत नाहीत," त्या म्हणाल्या. "सोमवारी अडुसष्ट. काल बहात्तर. मोजून घासलेत मी. तिकडं जेवायला बसलेल्यांना चमचे नाहीत आणि इकडं तुम्ही एकट्या बहात्तर घेऊन बसता."

"अहो, मी काय खाते का? चव घेते."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला दोन डझन चमचे आणून द्या, नाहीतर तो नियम पुसा." आणि मावशी बादली तिथंच ठेवून निघून गेल्या.

बाई हसल्या. मग हसू कुठं गेलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांनी मटाराच्या सूपखालचा गॅस बारीक केला. फळीवरचं मापाचं भांडं काढलं, त्यात लिटरच्या रेघा होत्या. चव घ्यायचा एक चमचा घेतला आणि नळाच्या पाण्यानं भरून भांड्यात ओतायला लागल्या. एक, दोन, तीन. अर्ध्या चमच्यात मीठ कळत नाही, म्हणून चव घेताना त्या चमचा भरूनच घेत. आताही भरूनच ओतत होत्या, उगाच लबाडी नको. तीसला पाणी अर्ध्या लिटरच्या जवळ आलं. पन्नासला त्या मोठ्यानं मोजायला लागल्या. बहात्तरावा चमचा पडला तेव्हा पाणी लिटरची रेघ ओलांडून वर गेलं होतं.

त्या भांड्याकडे बघत राहिल्या. एक लिटर, रोज. आणि ते पाणी नव्हतं. मलई घातलेलं सूप, लोणी घातलेला बटाट्याचा लगदा, मांसाचा दाट रस्सा, कस्टर्ड. सगळं मऊ, सगळं पातळ, त्या केळ्याएवढ्या नळीतून सुळकन खाली जाणारं. त्यानं पोट भरल्यासारखं वाटत नाही, आणि वहीत लिहायचं तर ताट कुठं होतं? चौदा महिने त्या जठरावर, फरशीवर, काट्यावर, वयावर संशय घेत हिंडल्या होत्या. स्वतःच्या जिभेवर संशय घ्यायचं काही सुचलं नव्हतं, कारण ती त्यांना तोंडातली वाटतच नव्हती. ती कामाची होती, ओट्यावरच्या सुरीसारखी. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, चोर एकदाचा घरातच सापडला म्हणून.

त्या दिवशीचं जेवण त्यांनी न चाखता करायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण हात ऐकेना. दर दोन मिनिटांनी तो चमच्यांकडे जाई आणि बाई तो मागे ओढून पाठीशी धरत. पातेल्याकडून दाराकडे, दाराकडून पातेल्याकडे त्यांच्या येरझाऱ्या चालल्या. पाव कापणाऱ्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी त्यांनी मावशींना हाक मारली आणि रश्श्याचा चमचा त्यांच्यापुढे धरला.

"कसं झालंय?"

"छान," मावशी म्हणाल्या.

"मीठ?"

"आहे की."

"कमी की जास्त?"

मावशींनी बराच विचार केला. "मला आयुष्यात जे आयतं मिळालं ते सगळं चांगलंच लागलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या जिभेचा तुम्हाला काही उपयोग नाही."

बाईंनी तिथंच ठरवलं की आहारतज्ज्ञ बाईंच्या वहीत उद्यापासून चमचे लिहायचे, आणि पातेल्यागणिक दोनच घ्यायचे, तेही न गिळता, थुंकून चूळ भरायची. जमेल की नाही, त्यांना माहीत नव्हतं. रस्सा त्या दिवशी खारट झाला. दोन सुपरवायझर तसं सांगायला आतपर्यंत आले, आणि बाईंनी चौदा महिन्यांत पहिल्यांदा मान खाली घालून ऐकून घेतलं.

चारला काम सुटल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. तडक धाकटीकडे गेल्या. बसमध्ये जागा होती तरी उभ्या राहिल्या. धाकटी पलंगावर हॉस्पिटलची बॅग भरत होती. ऑपरेशनआधीचा तिचा पातळ आहार चालू होता आणि भुकेनं तिचा चेहरा उतरला होता.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "मला एकदा सांग परत. एकदा झालं की झालं ना?"

बाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, बॅगेतला टॉवेल काढून पुन्हा घडी घातली.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही?"

"एकदा झालं की झालं, असं नसतं. मी सत्त्याहत्तर आहे. अकरा किलो परत आलेत. वर्षभर तुला खोटं सांगतेय मी." मग त्यांनी सगळं सांगितलं. काटा, फरशी, वही, चमचे, पाण्याचं भांडं. सांगताना त्या फिरतच होत्या.

 धाकटीच्या मांडीवर मोज्यांची जोडी होती, ती तिनं सोडवली आणि पुन्हा गुंडाळली.

"नऊ वर्षं मी तुझ्यासारखं व्हायचं म्हणून झुरतेय," ती म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. "आणि तू अजून माझ्यासारखीच आहेस."

"हो," बाई म्हणाल्या.

"रोज भूक लागते?"

"रोज."

"आणि तरी परत करशील? परत सगळं पहिल्यापासून असतं तर?"

याचा बाईंनी खरोखर विचार केला. जिने आठवले, जे त्या आता न थांबता चढत. एकशे एकवीसच्या वेळचा श्वास आठवला. "करीन," त्या म्हणाल्या. "पण संपलं असं समजून नाही करणार."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?" धाकटी म्हणाली. "मला वाटायचं ताई वेगळ्याच मातीची आहे. तिला जमतं, मला कसलं जमतंय. मी वर्षानुवर्षं पुढं ढकलत राहिले ते त्यापायी."

 ही बाजू बाईंच्या कधी डोक्यातच आली नव्हती. त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या.

धाकटीनं मोजे बॅगेत टाकले. टूथब्रश टाकला. चार्जर टाकला, काढून बघितला, परत टाकला. बॅगेची चेन लावली.

"शुक्रवारी सकाळी किती वाजता न्यायला येतेस?" तिनं विचारलं.

"सहाला."

"सहाला ये. पण घरून खाऊन निघ. ताटात वाढून घे आणि बसून खा." तिनं बॅग खाली जमिनीवर ठेवली. "उपाशी मला यायचंय, ताई. तू नको येऊस."