जहाजवाल्यांच्या मनोऱ्याचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. लावून किल्ली खिशात टाकावी असले लहानसे कुलूप नव्हे. मी दाराच्या जाड फळीवर चार स्क्रूंनी कायमचे बसवलेले, विटेएवढे जड कुलूप आहे. माझ्या आयुष्यात एकदा असे झाले, की मी दोन बायकांना एका दुपारी कोंडून ठेवले. त्यांनी माझे काहीच वाकडे केले नव्हते. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

आधी थोडे माझ्याविषयी. वॉटरफर्ड शहरात, शुअर नदीच्या धक्क्यामागच्या एका बोळात, जेरेमाया कीटिंग नावाच्या लोहाराने मला घडवले. तो बोलायला फटकळ होता, पण हात हलका. जहाजांच्या व्यापाऱ्यांनी धक्क्यावर एक उंच मनोरा बांधला होता. समुद्राकडून नदीत येणारी शिडे आधी कोणाला दिसतात, यावर त्यांचा सगळा धंदा चाले. मनोऱ्याच्या टोकाला, जिना संपून गच्ची सुरू होते तिथल्या दाराला, मला बसवले. पितळेची गोल मूठ फिरवली, की माझी लोखंडी जीभ आत जाई आणि दार उघडे. सोडली, की स्प्रिंग तिला पुन्हा बाहेर ढकले. रखवालदाराची बायको हॅनोरा दर वर्षी थंडीच्या तोंडाशी पिसाच्या टोकाने मला हंसाची चरबी लावी. व्यापारी म्हणत, "या दाराचा आवाजच येत नाही!" तेव्हा मला फार बरे वाटे.

पुढे मोठी जहाजे नदीत येईनाशी झाली. मनोरा बंद पडला. किती वर्षे गेली कोण जाणे. माझी स्प्रिंग एकाच कुशीवर पडून राहिली आणि तशीच आखडली. मग एका समितीने मनोरा पाहुण्यांसाठी उघडला. रंगारी आले आणि त्यांनी दाराला हिरव्या रंगाचे तीन हात दिले. दाराला म्हणजे मलाही. मूठ, जीभ, किल्लीचे भोक, सगळे त्या रंगात चिकटून गेले.

तिथे मॉसी पॉवर नावाचा राखणदार होता. धक्क्यावर हमाली करून म्हातारा झालेला, मनाने फार चांगला माणूस. माझ्यावर त्याने एक उपाय काढला होता. रोज सकाळी खांद्याचा धक्का देऊन तो दार उघडी आणि खाली दगड लावून ठेवी. "कुलूप बिघडलंय, गच्चीतून उघडत नाही, दगड हलवू नका," असे तो प्रत्येकाला सांगे. मला तेल द्यावे, असे त्याच्या मनात कधी आले नाही. दगड फुकट होता.

ती गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरमधली, रविवारची. जिना नळीसारखा अरुंद असल्यामुळे खालचे बोलणे मला वर स्वच्छ ऐकू येई.

"बाई, एकशे अकरा पायऱ्या आहेत," मॉसी म्हणाला.

"मोजल्यात, की नुसतंच घाबरवताय?" एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"रोज मोजतो. रोज एखादी वाढलेली असते. पिशव्या इथेच ठेवा, वळणावर अडकतात."

"आई, तू खाली बस," दुसरा आवाज म्हणाला. "मी बघून येते आणि तुला सगळं सांगते."

"सांगायचंच होतं, तर मला चार दिवस या गावात आणलंस कशाला?"

म्हातारीचे नाव नोनी, वय बहात्तर. मुलीचे नाव क्लोडा, वय एकेचाळीस. क्लेअर या पश्चिमेकडच्या परगण्यातल्या, किनाऱ्यावरच्या एका टीचभर गावातून त्या सहलीला आल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी नोनी अंगणात घसरली होती आणि तिच्या कमरेचे हाड मोडले होते. तेव्हापासून क्लोडा घरीच होती. पायरीपायरीला "सावकाश", "भिंत धर", "थांब, दम घे" असे ऐकत ऐकत नोनी वर आली. मॉसीने वरपर्यंत ओरडून दगडाचे बजावले आणि तो समोरच्या घरी रेडिओवर हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या खेळाचा, अंतिम सामना ऐकायला निघून गेला.

नोनी गच्चीत आली आणि तिने पहिले काम काय केले असेल? तिने बुटाच्या टोकाने दगड बाजूला सारला आणि दार लोटून लावले.

"आई! तो नको म्हणाला होता ना?"

"वारा लागतोय. आणि मला तुझ्याशी बोलायचंय. मधे कुणी यायला नको."

मित्रांनो, माझी जीभ चौकटीत जाऊन बसली आणि मला तेव्हाच कळले, की ती आता बाहेर निघणार नाही.

क्लोडाने मूठ धरली. मूठ हलली नाही. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, हाताला पदर गुंडाळून ओढावे तशी कोटाची बाही गुंडाळून ओढली. मीही आतून जीव तोडून प्रयत्न केला. पण गंज आणि रंग यांनी मला असे धरले होते, की माझेच अंग मला हलवता येईना.

मग त्या कठड्यापाशी गेल्या. खाली धक्क्यावर लोक रविवारचे फिरत होते. क्लोडा हात हलवून ओरडू लागली. खालच्या एका कुटुंबाने वर बघून हसत हात हलवला.

"अगं हात नको हलवूस, नुसती ओरड!"

"ओरडतेय ना! वाऱ्यात काही जात नाही खाली. त्यांना वाटतंय मी खूश आहे."

अर्धा तास असाच गेला. खालून सात-आठ जणांनी त्यांना प्रेमाने हात केले. वारा वाढला. नोनी भिंतीला टेकून खाली बसली.

"तुझी चारची गोळी पिशवीत आहे," क्लोडा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हृदयाची गोळी खाली, आणि तू इथे वर. मी म्हटलं होतं खाली बस म्हणून. पण माझं ऐकायचंच नाही असं ठरवलंयस का?"

"ऐकतेय की दोन वर्षं. मीठ घालू नकोस. कोंबड्यांकडे एकटी जाऊ नकोस. न्हाणीला आतून कडी लावू नकोस. मी एकदा पडले गं, क्लोडा. तू मला अजून उचलतेच आहेस."

"मग काय करायला हवं होतं? तुला तिथे अंगणात ठेवून जायचं होतं?"

"जायचं होतं! शेटलंडला!"

क्लोडाने झटकन मान वळवली. 

"तुला कुणी सांगितलं?"

"पावाच्या डब्यात पत्र लपवतेस आणि वर विचारतेस कुणी सांगितलं. घरात पाव कोण काढतं?"

मग मला हळूहळू सारे कळले. क्लोडाने तरुणपणी समुद्रपक्ष्यांचा अभ्यास केला होता. उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर पक्ष्यांची गणना करणारे एक ठाणे होते. तिथून तिला दोन वर्षांसाठी बोलावणे आले होते. तिने नकाराचे उत्तर लिहिले होते, पाकिटाला तिकीटही लावले होते. ते उत्तर दुसऱ्या दिवशी, सोमवारी, निघायला हवे होते.

"मी तुझ्यासाठी नाही म्हटलं," क्लोडा म्हणाली. ती रडत नव्हती, पण शब्द तुटक येत होते. "आणि तू म्हणतेस मी तुला कोंडलंय."

"मला न विचारता नाही म्हटलंस. आता आयुष्यभर तू माझ्याकडे बघशील आणि तुला ते पक्षी दिसतील. मला नकोय तसलं ओझं."

"मग चार आठवडे गप्प का होतीस? पत्र सापडलं तेव्हाच का नाही बोललीस?"

 नोनीचे ओठ थंडीने निळसर झाले होते.

"तीन दिवस बोलायचाच प्रयत्न करतेय," ती म्हणाली. "काचेच्या कारखान्यात सामान बघताना म्हटलं, आता बोलते. चर्चमध्ये म्हटलं, मिस्सा संपली की बोलते. बोलले नाही. का, तर मी बोलले असते आणि तू खरंच गेली असतीस. मलाही तू हवी होतीस गं. रोज तुझ्यावर कुरकुरायला तरी हवी होतीस."

मित्रांनो, दीडशे वर्षांत मी या गच्चीवर खूप बोलणी ऐकली. माल बुडाल्याची ऐकली, लग्ने ठरल्याची ऐकली. पण इतके खरे बोलणे फार थोड्या वेळा ऐकले.

क्लोडा उठली आणि तिने माझ्या दाराला लाथ मारली. एकदा, दोनदा, तीनदा. चौकट हादरली. मी हलले नाही, हलूच शकत नव्हते.

"थांब," नोनी म्हणाली. "दार तुटायच्या आधी पाय तुटेल तुझा, मग मला तुला उचलावं लागेल. तुझ्या बापाच्या ट्रॅक्टरशी चाळीस वर्षं काढलीयेत मी. गंजलेल्या लोखंडाला लाथ नाही कळत. तेल कळतं."

"तेल कुठून आणू इथे?"

नोनीने कोटाच्या खोल खिशातून एक रुमाल काढला. त्यात दोन ब्ला होते, म्हणजे वॉटरफर्डचे ते पीठ भुरभुरलेले मऊ पाव. आणि त्यांच्या खाली तेलातल्या सार्डिन मासळीचा चपटा डबा होता.

"आई! तो म्हणाला होता सामान खाली ठेवा."

"पिशव्या म्हणाला होता. खिशाचं बोलला नाही."

डब्याला चिकटवलेल्या छोट्या चावीने नोनीने झाकणाचा पत्रा गुंडाळत उघडला. मग त्याच चावीने ती माझ्या मुठीभोवतीचा रंग खरवडू लागली. हिरव्या खपल्या तिच्या मांडीवर पडत होत्या. कित्येक वर्षांनी कोणीतरी मला हात लावला होता. पण तेल माझ्या फटीत जाईना, फळीवरून खाली ओघळे.

"कागद आहे का? पन्हळ करायला."

क्लोडाने कोटाचे खिसे चाचपले. मग ती थांबली. आतल्या खिशातून तिने तिकीट लावलेले एक पाकीट काढले.

"हाच आहे."

नोनीने पत्ता वाचला. "टपालात टाकायचं होतं ना?"

"तीन दिवसांत किती टपालपेट्या लागल्या वाटेत, मोजल्यास का?" क्लोडा म्हणाली. "टाकायचं असतं, तर पहिलीतच टाकलं असतं."

तिने पाकीट स्वतःच दुमडले, त्याची पन्हळ केली आणि माझ्या मुठीच्या कडेला लावून धरली. नोनीने डबा तिरका केला. थेंब थेंब तेल माझ्यात उतरू लागले. त्याला मासळीचा वास होता. हंसाच्या चरबीपुढे ते काहीच नव्हते, पण मला अमृत वाटले.

"आता फिरव. जोर नको. थोडं इकडे, थोडं तिकडे. बाळाचा पाय मोज्यात घालतात तसं."

"मला कुठे बाळ आहे?"

"मला होतं ना. मी सांगते तसं कर."

असे बराच वेळ चालले. क्लोडाची बोटे सोलवटली. मग नोनीने मूठ धरली, मग पुन्हा क्लोडाने. मध्येच त्यांनी मासळीसकट एक ब्ला अर्धा अर्धा खाल्ला. माझी स्प्रिंग आधी कुरकुरली, मग केसभर सरकली, मग आणखी थोडी. आणि चारला दहा मिनिटे असताना माझी जीभ खाट्‌कन आत गेली. दार उघडले.

क्लोडाने आधी दगड आणून लावला. "चल, लवकर. गोळी."

नोनी जागची हलली नाही. "गोळीला अजून दहा मिनिटं आहेत. एकशे अकरा पायऱ्या चढून मी फक्त दार बघितलंय. मला शहर दाखव."

मग क्लोडाने तिला कठड्यापाशी उभे केले. दंड धरायला तिचा हात पुढे झाला आणि तिने तो मागे घेतला. नोनीनेच तो शोधून धरला. नदीला भरती आली होती. क्लोडा एकेका पांढऱ्या पक्ष्याकडे बोट दाखवून नाव सांगत होती आणि नोनी प्रत्येकाला म्हणत होती, "मला तर सगळे सारखेच दिसतात."

निम्म्या जिन्यात त्यांना धापा टाकत वर येणारा मॉसी भेटला. सामना संपून तो परतला, तेव्हा पिशव्या खालीच दिसल्या आणि तो तसाच वर धावला होता.

"देवा रे! अजून वरच होतात? आणि हा वास कसला? वर जेवलात की काय?"

"आम्ही थोडं जेवलो," नोनी म्हणाली. "जास्त तुमच्या कुलपाला जेवू घातलं. त्याला फार वर्षांची भूक होती."

मॉसी लाजला. दुसऱ्याच दिवशी तो तेलाची बुधली घेऊन आला. त्याने रंग पूर्ण खरवडला, मला उघडून साफ केले आणि त्यानंतर मला तेल द्यायला तो कधी चुकला नाही.

पुढच्या वर्षी नोनी पुन्हा आली, काठी टेकत, एकटी. या वेळी तिला दम घ्यायला कोणी सांगितले नाही, म्हणून ती पाच वेळा थांबली. क्लोडा शेटलंडला गेली होती. रविवारी फोन करी.

"करमत नसेल," मॉसी म्हणाला.

"नाही करमत. पहिला महिना रोज दुपारी रस्त्याकडे बघत दारात उभी राहायचे. मग पाय दुखायला लागले. म्हटलं, नुसतं उभं राहण्यापेक्षा गाडी चालवायला शिकावं."

"या वयात?"

"मला भीती नाही वाटत. शिकवणाऱ्याला वाटते."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने कुलूप, बिजागरी किंवा कडी असेल. ती अडली, की आपण दगड लावतो आणि विसरून जातो. तसे करू नका. तिला साफ करा, तेल द्या, कधीमधी हात लावून बघा. आणि घरातल्या ज्या माणसावर तुमची माया आहे, त्यालाही कधीतरी विचारा, की त्याला दार कसे हवे आहे. घट्ट धरून ठेवणे मला जन्मापासून येत होते, त्यासाठी कोणाला मला काही द्यावे लागले नाही. सोडून देणे मात्र दर वर्षी थोडे तेल मागते.