माहेरी आलेल्यांची नोंद

"मॅडम, लिस्ट तर सासरच्या गावची. पण लेक बाळंतपणाला इथं येऊन राहिली. तिचं कोन बघायचं?"

रईसाबींनी हे विचारलं तेव्हा माझ्या हातात कापडाची बाहुली होती आणि घड्याळात पावणेपाच वाजले होते. बिलोलीच्या सभागृहात चाळीस अंगणवाडी सेविका सकाळपासून बसल्या होत्या. बाळाला छातीशी कसं धरायचं, त्याचं तोंड किती उघडायला हवं, हे मी बाहुलीवर दाखवत होते. आहारशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर नांदेडच्या एका प्रकल्पात मला हेच काम मिळालं होतं. संशोधनात सिद्ध झालेलं गावातल्या बायकांच्या हातात उतरवायचं. हे शब्द नेमणूकपत्रातले होते आणि मला ते फार आवडायचे.

मी म्हटलं, ॲपमध्ये स्थलांतराची सोय आहे. सासरच्या गावची सेविका नाव पाठवेल, मग ते तुमच्या यादीत येईल. तोवर यादीतलं काम नीट करा.

"आन् तिनं पाठवलंच न्हाई तर? पहिलं बाळंतपण समद्यांचं माहेरीच होतंय. लेकरू दोन गावांच्या मधीच ऱ्हातंय."

मागून कुणीतरी म्हणालं, रईसाबीला साऱ्या गावच्या लेकी आपल्याच वाटतात. "मग काय तुझ्या हायत?" रईसाबी वळून म्हणाल्या. सभागृह हसलं, मीही हसले. मग जरा वरच्या आवाजात सांगितलं की मनानं घरं वाढवत बसलात तर कुठल्याच घराला पुरेसा वेळ मिळणार नाही, अभ्यास हेच सांगतो. खरं म्हणजे मला निघायचं होतं. पाच महिन्यांची माझी लेक सृष्टी नांदेडला सासूबाईंजवळ होती आणि ओढणीखालचा माझा कुर्ता ओला व्हायला लागला होता.

रईसाबींची कामाची रीत मला नंतर कळली. बावीस वर्षं त्या गावातून रोज एक फेरी मारायच्या. दारात लहान दुपटी वाळताना दिसली की आत जायचं, चहा नको म्हणायचं आणि बाळ पिऊन होईपर्यंत बसून राहायचं. कागदावर काहीच नाही. माझ्या प्रशिक्षणानंतर त्यांनी ती फेरी सोडली. आता यादीतल्या घरी, ठरल्या दिवशी, पाऊण तास, वजन आणि फोटो.

ऑगस्टमध्ये मी त्यांच्या गावी पाहणीला गेले. अठराच्या अठरा बाळांच्या नोंदी पूर्ण. मी मनापासून कौतुक केलं. तिसऱ्या घराकडून चौथ्याकडं जाताना त्या एका दारापाशी थांबल्या. शेषेरावांची लेक शिवांगी, उदगीरकडं दिलेली, बाळंत होऊन तीन आठवडे झालेत, असं म्हणाल्या. मी विचारलं, नाव आलंय? आलं नव्हतं. गावात आशाताईची जागाही रिकामी होती.

आतून शिवांगीच्या आईनं, चतुराबाईंनी, हाक दिली. "या की रईसाबी. लेकरू झोपलंय. लई गुनाचं हाय, रडतच न्हाई."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. तीन आठवड्यांचं मूल रडत नाही तेव्हा ते तृप्तच असतं असं नाही. कधी त्याच्यात रडण्याचं बळ नसतं. माझ्याच स्लाइडवर हे लिहिलेलं होतं. सृष्टी एक वेळ कमी प्यायली तरी मी तीन जणींना फोन करायचे. रईसाबींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, येताना बघू. येताना आम्ही दुसऱ्या गल्लीनं आलो, कारण गाडी तिकडं उभी होती.

त्या पाहणीनंतर सतराव्या दिवशी रईसाबींचा फोन आला. "मॅडम, शिवांगीचं लेकरू गेलं."

मी गेले. शिवांगीला दूध भरपूर होतं. बाळ नुसतं टोक चोखायचं, दमायचं, झोपायचं. कुणी शेजारी बसून दहा मिनिटं पाहिलं असतं तरी दिसलं असतं. ती भिंतीला टेकून बसली होती, छातीशी दुधानं ओला झालेला टॉवेल धरून. मग तिनं मला विचारलं, "मॅडम, हे कधी थांबल?"

उत्तर मला ठाऊक होतं. एक-दोन आठवडे लागतील, घट्ट बांधू नको, गार पाण्याचं फडकं ठेव, फारच दुखलं तर थोडंसं काढून टाक. माझं शिक्षण तिच्या एवढंच कामी आलं.

बाहेर आल्यावर रईसाबी मला बोलतील असं वाटत होतं. बोलायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही तर नव्या हाव. मी बावीस सालं दारं बघून राहिले. त्या दिशी मी पन उंबऱ्याशीच उभी होते. नाव येईल, मग जाऊ म्हनलं."

आता माझ्या प्रशिक्षणात पहिला प्रश्न तोच असतो. गावात माहेरी आलेल्या किती? यादी कुठलीही असो. बाहुली मी आणत नाही. सेविकांना घेऊन खऱ्या बाळंतिणीजवळ बसते. पर्यवेक्षिका म्हणतात, कार्यक्रम सुधारला. मागच्या वेळी रईसाबी शेवटच्या रांगेत होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्या "दोन" म्हणाल्या आणि खाली बसल्या. दिवसभरात त्यांनी मला काहीही विचारलं नाही.

शिवांगी सासरी गेली. तिच्या गावच्या सेविकेला मी फोन करून तिची चौकशी केली. बिचारीनं प्रामाणिकपणे सांगितलं, गरोदर नाही, पाजणारी नाही, घरात लहान मूल नाही. आमच्या कुठल्याच रकान्यात ती बसत नाही. मी स्वतः जायचं दोनदा ठरवलं. मांडीवर सृष्टीला घेऊन विचार करत राहिले आणि गेले नाही.

हे वाचणाऱ्या तुम्ही उदगीरकडच्या असा नाहीतर कुठल्याही गावच्या, तुमच्या गल्लीतही अशी एखादी असेल, भरल्या दिवसांनी माहेरी गेलेली आणि एकटीच परतलेली. तिच्याकडं एकदा जाऊन या. काही विचारू नका. तिच्यापुढं ताट येतं का, आणि आलेलं ती जेवते का, तेवढं बघा.