मागे फिरवलेली तारीख

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे, आणि मित्रांनो, खरं सांगतो, मला माणसांच्या अंगठ्यांची किळस येते.

१९९५ साली विरारच्या एका दुकानात मी तयार झालो. पोटात दिवस, महिना आणि साल असे तीन रबरी पट्टे. चंदनसारच्या एका सोसायटीने मला घेतलं. पुढच्याच वर्षी तळमजल्यावरच्या क्लेमेंटीनबाईंना मागच्या अंगणात माड लावायची परवानगी मिळाली. त्या परवानगीपत्रावर तारीख मीच उमटवली. रोप त्यांनी गिरीज गावच्या माहेराहून आणलं. पाच वर्षं त्याला मासळी धुतलेलं पाणी घातलं. पहिला नारळ चर्चमध्ये अर्पण करायचा, असं येईल त्याला सांगायच्या.

२००१ मध्ये माडाला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, फुटली आणि अध्यक्ष दिनानाथरावांनी गाडी घेतली. गाडीला नेमकी तीच जागा हवी होती. हा गृहस्थ पूर्वी वकिलाकडे कारकून होता. तिथून कायदा शिकला नाही, एक शब्द तेवढा उचलून आणला.

"बाई, तुमची परवानगी एक्स टंक रद्द आहे."

"म्हणजे काय हो?"

"लॅटिन आहे. आजपासून नाही, तेव्हापासूनच रद्द. जणू दिलीच नव्हती."

"मग पाच वर्षं मी पाणी कशाला घातलं?"

ते तडक ऑफिसात आले. कान कोरलेल्या अंगठ्यानेच त्यांनी माझं साल मागे फिरवून १९९६ वर आणलं आणि रद्दपत्रावर मला दाबलं. शी! अजून अंग शहारतं. दुसऱ्या सकाळी माड आडवा झाला. पोय चिखलात तुडवली गेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या अश्लेषा वकील होत्या. त्यांनी ते पत्र पाहिलं.

"काका, खाली अध्यक्ष म्हणून सही तुमची. ९६ साली तुम्ही इथे राहायला तरी आला होता का? एक्स टंक म्हणजे शिक्का मागे फिरवणं नव्हे. निर्णय आजच्याच तारखेचा असतो, परिणाम तेवढा सुरुवातीपासून धरतात. तोही अधिकार असलेल्याने, कारण देऊन."

"शिक्काच बिघडलाय," दिनानाथराव म्हणाले. चोर तो चोर, वर शिरजोर. त्या माणसाची मला ओकारी येते.

अश्लेषाताईंनी बाईंच्या वतीने सोसायट्यांच्या निबंधकांकडे तक्रार केली. सहा महिन्यांनी त्यांचा आदेश आला. रद्दपत्रच एक्स टंक रद्द, म्हणजे परवानगी पहिल्या दिवसापासून कायम. क्लेमेंटीनबाईंनी तो दोनदा वाचला.

"मग माझा माडपण तेव्हापासून उभाच आहे, असं धरायचं ना?"



मित्रांनो, माझे पट्टे दोन्हीकडे फिरतात, त्याला माझा इलाज नाही. तुम्ही मात्र मला हातात घेताना लाज बाळगा, आणि कुऱ्हाड उचलण्याआधी तर दहादा विचार करा. कागदाला गेलेली वर्षं परत देता येतात. बासष्ट वर्षांच्या बाईला नवं रोप आजपासूनच लावावं लागतं.