बाईसाहेब चावायला शिकतात

मी एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो, आणि मला एका जागी उभे राहता येत नाही. हा स्वभावाचा दोष नाही, पायाचा आहे. माझ्या चार रबरी पायांपैकी एक पाच वर्षांपूर्वी ओट्यावरून घरंगळला आणि फ्रीजखाली गेला, तो अजून तिथेच आहे. तेव्हापासून बटण दाबले की मी थरथरत ओट्याच्या कडेकडे निघतो. मग घरातले कुणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला धरून ठेवते. पाहुण्यांना वाटते, हे लोक मिक्सरला आशीर्वाद देत आहेत.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर मला अर्धे मिनिट ओरडायला लावले आणि एका जांभया देणाऱ्या तपासनिसाने माझ्या पोटावर 'पास' अशी चिठ्ठी चिकटवली. आयुष्यात मी दिलेली ती एकच परीक्षा. त्यानंतर एका लग्नात रंगीत कागदात गुंडाळून मला भेट देण्यात आले. त्याच लग्नात आणखी दोन मिक्सर आले होते. ते नातेवाइकांकडे पांगले, मी राहिलो. यात माझे कर्तृत्व काहीही नव्हते. माझे खोके सर्वांत खाली होते, इतकेच. तरीही मला अभिमान वाटायचा.

पहिली वर्षे छान गेली. आठवड्यातून दोनदा टोमॅटो, एखाद्या रविवारी कॉफी. "आवाज फार करतो, पण काम चोख!" असे माझे कौतुक व्हायचे. मग या घरात एक मुलगी जन्माला आली. तिचा एकंदर रुबाब पाहून घरात सगळे तिला बाईसाहेब म्हणू लागले.

बाईसाहेबांची आई चष्म्याच्या काचा घासण्याचे काम करते. बोटाला जाणवणार नाही असा ओरखडासुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही. काच गुळगुळीत झाली तरी ती आणखी एकदा घासते. हा गुण काचांच्या बाबतीत चांगला आहे. बाईसाहेब सहा महिन्यांच्या झाल्या, आणि आईने तोच गुण भोपळ्याला लावला. मी भोपळा वाटायचो, ती चमचा तिरका धरून उजेडात पाहायची, म्हणायची, "कण आहे अजून," आणि पुन्हा माझे बटण दाबायची. नंतर ते सगळे गाळणीतून जायचे. त्या भोपळ्यातून आरपार दिसायचे तेवढे बाकी होते.

आठव्या महिन्यात एक प्रसंग घडला. बाबांनी (हे लिफ्ट दुरुस्त करतात) बटाटा हाताने कुस्करून बाईसाहेबांना भरवला. त्यात एक गोळी राहिली. बाईसाहेबांना ठसका लागला, चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आले, आणि गोळी आपोआप बाहेर पडली. बाईसाहेब हसल्या. आई हसली नाही. तिचे हात संध्याकाळपर्यंत कापत होते, इतके की मला धरायला आजोबांना यावे लागले. त्या दिवसापासून कोणताही पदार्थ माझ्या पोटातून गेल्याशिवाय बाईसाहेबांच्या पोटात गेला नाही. केळेसुद्धा. मित्रांनो, पिकलेले केळे वाटायला मिक्सर लागतो, ही माहिती मलाही नवीन होती.

खरे सांगतो, मला आनंद झाला. दिवसातून पाच वेळा माझी आठवण व्हायची. मी फुगून गेलो होतो. आणि बाईसाहेब तेराव्या महिन्यात पोहोचल्या, तरी त्यांच्या चार दातांना करण्यासारखे काही काम नव्हते.

मग पाळणाघराचा फोन आला. आईची कामावरची खुर्ची एक तारखेपर्यंत राखून ठेवलेली होती, त्यानंतर ती दुसऱ्या कुणाला मिळणार होती. त्या दिवशी एकोणीस तारीख होती. फोन ओट्यावर ठेवून आई गाजर सोलत होती, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"काय खाते हो मुलगी?" पाळणाघराच्या बाईंनी विचारले.

"सगळं खाते. फक्त बारीक करून."

"किती बारीक?"

आईने माझ्याकडे पाहिले. "तसं... पातळसर."

"अहो, माझ्याकडे अकरा मुलं आहेत आणि मिक्सर एकही नाही. मऊ तुकडे चावून खात असेल तर एक तारखेला आणा. नाहीतर मग दोन महिन्यांनी बघू."

फोन बंद झाला. आईने गाजर तसेच ठेवले आणि ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मीही अस्वस्थ झालो. बाईसाहेब शिकल्या तर माझे काम जाणार, नाही शिकल्या तर आईचे. अशा वेळी कुणाच्या बाजूने गुरगुरावे, हे कारखान्यात कुणी शिकवत नाही.

खालच्या मजल्यावर दवाखान्यातल्या एक सिस्टर राहतात. संध्याकाळी त्या कामावरून परतत होत्या, तेव्हा आईने त्यांना जिन्यात गाठले आणि वर आणले. सिस्टर घाईत होत्या, पायात चपला तशाच होत्या. दारातून त्या म्हणाल्या, "सोपं आहे. तिचा स्वयंपाक वेगळा करायचा नाही. सगळ्यांनी एकत्र बसायचं, सगळ्यांचं जेवण एकच." एवढे बोलून त्या गेल्या.

आईने सल्ला तंतोतंत पाळला. सगळ्यांचे जेवण एकच, म्हणजे एकच. दुसऱ्या दिवसापासून आजोबांचे, बाबांचे आणि स्वतःचे जेवणही ती माझ्यात घालू लागली.

मित्रांनो, या घरात सहा दिवस कुणीही काहीही चावले नाही. भात, डाळ, वाटाणे, मासे, सगळे माझ्यातून गेले. टेबलावर चार वाट्या आणि चार चमचे. पदार्थांची नावे गेली, नुसते रंग उरले.

"आज काय आहे?" बाबा विचारायचे.

"हिरवं."

"आणि कालचं पिवळं संपलं का?"

"आहे ना. देऊ?"

"नको. सहज विचारलं."

सर्वांत जास्त हाल आजोबांचे झाले. दोन वर्षे बोळक्याने काढल्यावर त्यांनी गेल्याच महिन्यात कवळी बसवून घेतली होती. ते चमच्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, हे दात मी काय फोटोसाठी बसवलेत?"

"आजोबा, दहाच दिवसांचा प्रश्न आहे. तिच्यासाठी."

"तिच्यासाठी काहीही करीन. पण ती तरी बघून काय शिकणार? की आपले आजोबा घोट छान घेतात?"

आईने त्यांची वाटी पुन्हा भरली. आजोबा दुपारी पाय मोकळे करायला जाऊ लागले. परत येत तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर टोस्टचा चुरा असायचा. पंचवीस तारखेला मात्र त्यांना राहवले नाही. त्यांनी एक टोस्ट घरीच आणला आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आईकडे पाठ करून, बाईसाहेबांना मांडीवर घेऊन खायला लागले. कुर्र, कुर्र. बाईसाहेबांनी त्यांच्या हलणाऱ्या जबड्यावर बोट ठेवले. जबडा थांबला की बोटाने टोचायच्या. आणि थोड्या वेळाने, तोंडात काहीही नसताना, त्यांचाही जबडा वरखाली व्हायला लागला.

"सूनबाई, इकडे बघ. ही चावतेय!"

"काय दिलंत तुम्ही तिला?" आई धावत आली.

"काहीच नाही. हवा चावतेय."

आईने तिच्या तोंडात बोट फिरवून खात्री केली. खरोखर काही नव्हते. ती बाईसाहेबांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने तडक खाली जाऊन सिस्टरना पुन्हा बोलावून आणले.

सिस्टरनी टेबलावरच्या चार केशरी वाट्या पाहिल्या. प्रथम त्यांना वाटले, घरात साथ आली आहे. मग सगळे ऐकल्यावर त्या खुर्चीतच बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "अहो ताई, मी तिला तुमच्या ताटापर्यंत आणायला सांगितलं होतं. तुम्ही तिघं जाऊन तिच्या वाटीत बसलात!"

बाबाही हसले, आजोबा तर फारच. आईचे डोळे भरून आले. "मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "मागे लागला होता तिला ठसका."

मग सिस्टरनी चपला काढल्या. उकडलेल्या गाजराचा बोटाएवढा तुकडा त्यांनी आईच्या हातात दिला. "दोन बोटांत चिरडा. चिरडला ना? मग तिच्या हिरड्यांनाही चिरडेल. आधी काट्याने ठेचलेलं द्या, मग असे तुकडे. सरळ बसवून, समोर बसून. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर यांना घरात वरच्या फळीवर जागा. आणि तिला उमासा येईल, ती आवाज करेल, तोंड लाल होईल. ते तिचं शिकणं आहे. तोंडात बोट घालू नका. आवाज बंद झाला, श्वासच अडकला, तर मात्र थांबायचं नाही." तेव्हा काय करायचे, पाठीवर कुठे आणि कसे थोपटायचे, हे त्यांनी उशी आडवी धरून आईकडून आणि बाबांकडून तीन-तीन वेळा करून घेतले. आजोबांनी कुणी न सांगता चौथ्यांदा केले.

दोन दिवस काट्याने ठेचलेले जेवण चालले. मी रिकामा उभा. सत्तावीस तारखेला बाईसाहेबांना एका गुठळीने जरासा उमासा आला, आणि आईने जेवणाची वाटी उचलून सरळ माझ्यात उपडी केली. मला वाटले होते, बरे वाटेल. वाटले नाही. मी फिरत होतो आणि बाईसाहेब माझ्याकडे पाहत होत्या, चेंडू काढून घेतल्यावर मुले पाहतात तशा. त्यांचा जबडा पुन्हा हवा चावत होता. एक तारीख यायला चार दिवस उरले होते.

एकोणतीस तारीख, रविवार, दुपार. सगळे टेबलाशी बसले होते. आईने बाईसाहेबांच्या वाटणीचे गाजर, बटाटा, भात सगळे एकदम माझ्यात कोंबले. झाकण बसेना, ते तिने दाबून धरले. मी सुरू झालो. पोटात काहीच हलेना, अंग तापले. मित्रांनो, मी मुद्दाम काही केले नाही. माझ्या पोटाखाली एक लाल कळ आहे. मशीन फार तापले की ती आपोआप बाहेर येते आणि सगळे बंद पडते. ती बाहेर आली. मी बंद पडलो.

"अहो, बघा ना जरा," आई म्हणाली.

बाबा उठले. त्यांनी मला तिरका केला, खाली हात घातला. त्यांचे बोट बरोबर त्या कळीवर येऊन थांबले. नुसती दाबली की झाले, हे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला कळणार नाही असे होऊच शकत नाही. बोट तिथे होते. मी वाट पाहत होतो. मग त्यांनी बोट काढून घेतले.

"नाही चालत," ते म्हणाले.

"म्हणजे? आता?"

"लिफ्टसुद्धा अशीच थांबते. माणसं जास्त झाली की. तेव्हा तिला ओढायची नसते."

"पण मग आता काय करायचं?"

"आता जेवायचं," आजोबा म्हणाले. त्यांनी आपल्या ताटात उकडलेले गाजर घेतले आणि त्याचा मऊ, लांबट तुकडा दोन बोटांत चिरडून आईला दाखवला. मग तसाच दुसरा बाईसाहेबांच्या पुढ्यात ठेवला.

बाईसाहेबांनी तो मुठीत धरला. अर्धा मुठीतच गेला. उरलेला तोंडात गेला आणि चार दात त्यावर बसले. जबडा हलला. मग त्या थांबल्या. उमासा आला, घशातून आवाज निघाला, चेहरा लाल झाला. आई अर्धी उठली.

"आवाज येतोय," बाबा हळू म्हणाले. "येतोय आवाज."

आई परत बसली. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर सगळे वजन टाकून बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण तिची नजर हलली नाही. गाजराचा तुकडा जिभेवरून पुढे आला आणि ताटात पडला. बाईसाहेबांनी त्याच्याकडे रागाने पाहिले, त्याला उचलले आणि पुन्हा तोंडात घातले. या वेळी जबडा बराच वेळ फिरत राहिला. मग घास गेला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते श्वास घेत होते. बाईसाहेबांनी आजोबांच्या ताटात हात घालून बटाटा घेतला.

संध्याकाळी ओटा आवरताना आईने मला तिरका केला. तिने न पाहता खाली अंगठा नेला आणि कळ दाबली. बटण क्षणभर सुरू केले, मी गुरगुरलो, तिने बंद केले. "चालतोय की," ती स्वतःशीच म्हणाली. बाहेर बसलेल्या बाबांना तिने याबद्दल काही विचारले नाही. माझी वायर गुंडाळून तिने मला वरच्या फळीवर ठेवले.

एक तारखेला बाईसाहेब पाळणाघरात गेल्या आणि आई तिच्या खुर्चीवर. मी फळीवरून दिवसभर दाराकडे पाहत होतो. पाळणाघराच्या बाईंनी दुपारीच परत पाठवले तर? सहाला दोघी आल्या. आईने डबा उघडला. भात संपला होता, अंडे संपले होते. तळाशी गाजराचा एकच तुकडा उरला होता, आणि त्यावर चार बारीक दातांच्या खुणा होत्या. आईने तो फेकला नाही. आजोबांना दाखवला, बाबांना दाखवला, मग खाऊन टाकला.

मित्रांनो, मी इतकी वर्षे इतके काही वाटले, पण कशावरही कुणाची खूण मागे राहू दिली नाही. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती. मला पुसून ठेवा, माझी पाती धुवा, वायरला पीळ देऊ नका. पण जे काम कुणाचे नवे दात करू पाहत असतील, त्यावर मला बसवू नका. तिथे तुम्हीच बसा, समोर, त्यांच्याकडे बघत. आणि हात फारच शिवशिवायला लागले, तर ते मांड्यांखाली घाला.