आधी मॅन्युअल वाचा

“मॅन्युअल वाचता येत नाही का तुला?” मोठ्या मॅडमनी विचारलं, आणि मीटिंगच्या खोलीतल्या अकरा माणसांनी एकदम आपापल्या वहीत डोकं घातलं.

धूळवाली उभीच होती. हवेतली धूळ मोजणं हा तिच्या संशोधनाचा विषय, म्हणून संस्थेत तिला सगळे धूळवाली म्हणत. आठ महिने राबून तिने काढलेले आकडे खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट निघाले होते. धूळ मोजणारं यंत्र स्वतःची थोडी खरखर आकड्यांत मिसळतं आणि ती नंतर वजा करावी लागते. हिच्या आकड्यांतून ती वजाच झाली नव्हती.

“वाचलं होतं मॅडम,” ती म्हणाली. “त्यात लिहिलंय, प्रोग्रॅम ती आपोआप वजा करतो.”

“जुना करायचा. नव्याला तसं सांगावं लागतं, माझ्या लॅपटॉपवरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. मिस्त्री, तुम्हीच सांगा हिला.”

मिस्त्री म्हणजे संस्थेतल्या सगळ्या युनिक्स यंत्रांची, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या मोठ्या कॉम्प्युटरांची, देखभाल करणारे गृहस्थ. सव्वीस वर्षं ते शास्त्रज्ञांचे प्रोग्रॅम त्या यंत्रांवर बसवत आले होते. बसवतो तो मिस्त्री, असं कोणीतरी कधीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं. त्यांनाही ते आवडायचं.

“मॅन्युअलमध्ये सगळं असतं,” मिस्त्री म्हणाले. “आपण उघडत नाही, ही गोष्ट वेगळी.”

दोघंतिघं हसले. मिस्त्रींच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटीच होती, ‘आधी मॅन्युअल वाचा, मग दार वाजवा’. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती एकदा तरी तोंडघशी पाडायची. धूळवालीलाही पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या पाटीकडे बोट दाखवून परत पाठवलं होतं.

“तुझ्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद मी शुक्रवारी बघते,” मॅडम म्हणाल्या. “पण फार आशा धरू नकोस.”

खोलीत परतल्यावर मिस्त्रींनी यंत्रावरच्या मॅन्युअलचं ते पान सहज म्हणून उघडलं. सहज म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं खरं, पण चोराच्या मनात चांदणं असतंच. पानावर लिहिलं होतं, ‘खरखर आपोआप वजा होते.’ आणि तळाशी आवृत्तीचा आकडा होता, तो जुना.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती त्यांनीच दोन वर्षांपूर्वी बसवली होती. तिला दोन आज्ञा द्याव्या लागत. पहिलीने प्रोग्रॅम बसायचा, दुसरीने मॅन्युअल. तेव्हाच्या यंत्राला दुसरीसाठी पाऊण तास लागायचा आणि जेवायची वेळ झाली होती. कोण वाचतंय, असं म्हणून मिस्त्री डबा घेऊन उठले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तसला प्रकार. वाचणारी एकच निघाली, आणि तिला वाचायला त्यांनीच पाठवलं होतं.

त्यांनी दुसरी आज्ञा आता दिली. चार मिनिटांत नवं मॅन्युअल बसलं. पण पानांवर आजची तारीख पडली, आणि ती तारीख कोणालाही दिसली असती. यंत्राची देखभाल करणाऱ्याला कुठल्याही फाइलवर हवी ती तारीख टाकता येते. मिस्त्रींनी दोन वर्षांपूर्वीची टाकली. हात इतक्या सवयीने चालले, की लाज वाटायलाही थोडा उशीरच झाला. एकदा वाटायला लागल्यावर मात्र ती काही थांबेना.

संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, “आमटीत मीठ टाकायचं राहिलंय, आणि तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. काय झालंय?”

“काही नाही. कामाचं आहे.”

“कामाचं असतं तेव्हा तुम्ही दुसऱ्यांना नावं ठेवता.”

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. आणि मॅडमनी ऐनवेळी त्या पोरीला मुदतवाढ दिलीच, तर मग कशाला उगाच सांगायचं, असंही त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. आमटी त्यांनी तशीच संपवली.

सकाळी दार वाजलं. धूळवाली होती, हातात एक वही घेऊन.

“काका, दोन मिनिटं? माफी मागायची होती.”

“कसली?”

“काल मी सगळ्यांसमोर म्हटलं ना, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय म्हणून. आज येऊन परत बघितलं. स्वच्छ लिहिलंय, की सांगावं लागतं. आणि पानं दोन वर्षांपूर्वीची आहेत.” तिने वही उघडून त्यांच्यापुढे धरली. “हे बघा. हे माझंच अक्षर आहे. ‘आपोआप वजा होते.’ खाली पानाचा नंबरपण लिहिलाय. मी हे कुठून उतरवलं, मला कळत नाहीये.”

मिस्त्रींनी नंबर वाचला. काल त्यांनी उघडलेलं तेच पान.

“आईला फोन केला, तर ती म्हणते घरी ये, झोप काढ, डॉक्टरला दाखव. आता मी बाकीच्या वह्या काढून बसलेय. वाटतं, त्यातही असंच काहीतरी असेल. माझा माझ्या डोळ्यांवरच विश्वास राहिला नाही, काका.”

मिस्त्रींना तिच्याकडे मान वर करून बघवेना. नोकरी गेली असती तर पोरीला दुसरी मिळाली असती. हा विश्वास मात्र त्यांनी तिच्या घरात घुसून चोरल्यासारखं झालं होतं.

“बस,” ते म्हणाले.

“नको, निघतेच.”

“तू नीट उतरवलं होतंस. यंत्रावर जुनंच मॅन्युअल होतं. मी नवं बसवलंच नव्हतं. काल मीटिंगनंतर बसवलं.”

“पण तारीख—”

“तीही मीच बदलली.”

ती रागावेल, ओरडेल, म्हणून ते थांबले. चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरंच वाटलं असतं.

“म्हणजे मी बरोबर वाचलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“परत सांगा.”

“तू बरोबर वाचलं होतंस.”

मग ती बसली. वही मांडीवर ठेवली आणि बराच वेळ त्या एका ओळीवर हात ठेवून होती.

मिस्त्रींनी मॅडमना आणि मीटिंगमधल्या सगळ्यांना पत्र लिहायला घेतलं. एरवी त्यांची बोटं तुरुतुरु चालायची, आज ते एकेक अक्षर शोधत होते. पडदा त्यांनी तिच्याकडे वळवला. तिने वाचलं. ‘यंत्रावर नजरचुकीने जुनं मॅन्युअल राहिलं आणि तारीख...’

“तारीखपण नजरचुकीने?” तिने हळूच विचारलं.

त्यांनी ती ओळच पुसली. त्या जागी लिहिलं, ‘नवं मॅन्युअल मी दोन वर्षं आळसापायी बसवलंच नव्हतं. काल घाबरून बसवलं, आणि पकडला जाऊ नये म्हणून तारीख बदलली. चूक धूळवालीची नाही.’ खाली पूर्ण नाव घातलं. संस्थेत ते फारसं कोणाला ठाऊकही नव्हतं.

पत्र गेलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे कोणीतरी खुर्ची मागे सरकवली, आणि मॅडमच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. धूळवाली उठायला लागली.

“तू बस,” मिस्त्री म्हणाले, आणि स्वतः उठून उभे राहिले.